कोणत्या हौदात

पोलीस चौकीच्या बाकावर मांडीवर सूप घेऊन भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेली बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती आमच्याच माडीवर भाड्यानं राहत होती.

ही हकीकत सांगायचं काम आमच्या घरात माझ्याकडं आलेलं आहे. अव्वा, म्हणजे माझी आई, सांगायला लागली की अर्ध्यातच डोळ्यांना पदर लावायची. अप्पा सांगायचेच नाहीत. आणि ज्याच्यावर हे सगळं गुदरलं तो माझा धाकटा भाऊ बसू, त्याला विचारलं तर "मला काय आठवत नाही बे" म्हणून उठून जातो. उरलो मी. अंगात दुसरा काही गुण नसल्यामुळं लग्नकार्यात पंगत बसेपर्यंत पाहुण्यांना धरून ठेवायला मलाच बसवतात, आणि पाहुणे भुकेले असल्यामुळं ऐकून घेतात.

बाई सरकारी नोकरीत होत्या. प्रोबेशन ऑफिसर. सत्तरच्या आसपासचा काळ. आमच्या गल्लीत या शब्दाचा अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. बायकांना ती नर्स वाटायची आणि पुरुषांना कुटुंब नियोजनवाली, त्यामुळं दोघंही जरा लांबूनच जायचे. खरं काम वेगळंच होतं. सोळा वर्षांच्या आतलं पोर पोलिसांनी धरलं की ते मोठ्या माणसांच्या कोठडीत किंवा तुरुंगात जाऊ द्यायचं नाही, रिमांड होममध्ये न्यायचं, त्याच्या घरी जाऊन आई-बाप, शेजारीपाजारी बघायचे आणि मुलांच्या कोर्टापुढं त्याच्याबद्दल चार शब्द सांगायचे.

बाई साताऱ्याकडच्या. वय चाळिशीच्या पुढं, लग्न केलेलं नव्हतं. पायात पुरुषी चपला, हातात काळी छत्री, ती उन्हातही मिटलेलीच. खोलीला कुलूप लावत नसत. कुलपं दिवसभर बघते तेवढी पुरेत, म्हणत. खोलीत एक पत्र्याची ट्रंक होती आणि तिच्यात निरनिराळ्या मापांच्या खाकी हाफ चड्ड्या. माझ्या जुन्या चड्ड्याही अव्वाकडून मागून त्यांनी त्यात भरल्या होत्या. कोर्टात उभं करायच्या आधी त्या पोराला हाफ चड्डी घालत, डोक्याला खोबरेल चोपडत आणि भांग पाडत. त्यांचं म्हणणं असं, की कायदा मॅजिस्ट्रेटला पाठ असतो, पण समोर उभं आहे ते पोर आहे हे त्यांच्या डोळ्यांना दिसावं लागतं, आणि तेल लावलेलं पोर पोरच दिसतं.

पोर समोर आलं की पहिला प्रश्न एकच. काय चोरलंस, कुणी शिकवलं, काही नाही. "जेवलास का?" अक्कलकोटकडचं पोर असलं तर तोच प्रश्न कानडीत, "ऊटा आतेनो?" सोलापुरात इतकी वर्षं काढून बाईंनी शिकलेलं कानडी तेवढंच. पोरानं कानडीत लांबलचक उत्तर दिलं की त्या माझ्या अव्वाला हाक मारत.

आणि स्वतः मात्र जेवायला बसलेल्या त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. भाकरीवर शेंगाचटणी घालायची, गुंडाळी करायची आणि खात खात जिना उतरायचा. अव्वानं ताट वाढलं तरी उभ्याउभ्या दोन घास. अव्वाला याचं फार वाईट वाटायचं. उभ्यानं खाल्लेलं अंगाला लागत नाही, असं तिचं मत होतं, आणि बाईंच्या अंगाकडं बघता ते खोडून काढण्यासारखं नव्हतं.

शेंगांचं असं. एखादं पोर चौकीत मोठ्यांबरोबर कोंडलेलं आढळलं की बाई भांडत नसत. घरून सूप आणि शेंगांची पिशवी आणून बाकावर बसत आणि फोडायला लागत. दाणे सुपात, टरफलं जमिनीवर. पंखा असला की टरफलं टेबलाखाली, कागदांत, हवालदाराच्या चहात. कुणी हटकलं की म्हणायच्या, "पोराला हलवा, मी कचरा हलवते." बहुतेक वेळा पोर आधी हलायचं. फोडलेल्या दाण्यांचा कूट करून अव्वा चटणी करायची, त्यामुळं आमच्या घरातली चटणी कधी कोणत्या चौकीची आहे हे बाईंना विचारून कळायचं.

अप्पांना हे सगळं खपत नव्हतं. त्यांचं नवी पेठेत, आमच्या घराखालीच, चादरींचं दुकान, शिवाय सूत रंगवून घेऊन मागवाल्या विणकरांना द्यायचा व्यवहार. अब्रूदार माणूस. बाईंची सुटलेली पोरं त्यांना भेटायला यायची, जिन्यावर बसायची, कुणी पेरू आणायचं, आणि पेरू कुठून आणला हा प्रश्न अप्पांना रात्रभर छळायचा. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी बाईंना सांगितलं, की दिवाळीपर्यंत दुसरी खोली बघा. तुरुंगातनं सुटलेली पोरं माझ्या जिन्यावर नकोत.

"तुरुंगात कोण होतं?" बाई म्हणाल्या. "ती ताब्यात होती."

"दाराला कुलूप हितंबी, तितंबी. फरक काय की त्यात?"

बाईंनी दुकानातल्या सुताच्या गठ्ठ्याकडं छत्री केली. "हे सूत रंगाऱ्याकडं देता, म्हणून ते त्याचं होतं का? तुमचंच राहतं. त्यानं सांभाळायचं, जेवढं घेतलं तेवढं परत द्यायचं. ताबा म्हणजे तेवढंच."

अप्पा व्यापारी. ते म्हणाले, "पण रंगाऱ्याकडनं सूत रंगूनच येतंय की, बाई."

मला वाटलं, आता बाई अडकल्या. त्यांनी छत्रीनं तो गठ्ठा जरा फिरवून पाहिला. मग म्हणाल्या, "म्हणूनच कोणत्या हौदात बुडवतात ते आधी बघायचं असतं. बुडवल्यावर बघून काय उपयोग?"

आणि भाकरीची गुंडाळी खात वर गेल्या. दिवाळीचा निरोप मात्र अप्पांनी मागं घेतला नाही.

आता आम्हा भावांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमच्या लहानपणी शाळेत नाव घालताना जन्माचा दाखला कुणी मागत नसे. मास्तर पोराला सांगायचे, उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं, लागला नाही की पुढच्या जूनमध्ये या. माझे हात आखूड. माझा कान हाताला लागायला मला सात वर्षं लागली. त्याच वर्षी अव्वानं बसूलाही बरोबर नेलं, कारण साडेचार वर्षांच्या त्या कार्ट्याला घरात एकटं ठेवलं तर घर राहिलं नसतं. बसूचे हात उपजतच लांब. त्यानं कान धरला आणि वर गालही खाजवला. मुख्याध्यापकांनी दोघांनाही दाखल करून घेतलं. तारीख ते सगळ्यांची एक जून लिहायचे. पण दोघे भाऊ एकाच दिवशी जन्मलेले दाखवले तर जुळे वाटतील आणि लोक हसतील, म्हणून विचार करून त्यांनी मधे पाच महिने सोडले. उंच दिसतो म्हणून बसूची एक जून, आणि माझी त्याच सालची एक नोव्हेंबर.

अशा रीतीनं माझा अडीच वर्षांनी धाकटा भाऊ कागदोपत्री माझा थोरला झाला. पुढं मी एका यत्तेत नापास होऊन कागदाला दुजोराही दिला. बसू मला "काय बे धाकट्या" म्हणायचा. घरात सगळे हसायचे. मीही हसायचो. दुसरं काय करणार?

त्या दिवशी दुपारी चौकीचा हवालदार दुकानात आला, वळसंगकडचा म्हातारा माणूस, आणि अप्पांना बाजूला घेऊन म्हणाला, "तुमचं धाकलं हाय आमच्याकडं." जूनचे शेवटचे दिवस. एका गोदामातून सुताचे गठ्ठे हातगाडीवर घालून नेताना दोन हमाल सापडले होते, आणि गाडीला मागून हात लावणारा बसू. गठ्ठे चोरीचे आहेत हे त्याला ठाऊक होतं का? त्यानं कधी सांगितलं नाही, आणि आम्ही कधी विचारलं नाही.

अप्पांनी गल्ल्याला कुलूप घातलं. मला त्यांनी चौकीत पाठवलं आणि स्वतः शाळेकडं पळाले. मुलगा मॅट्रिकला आहे, हुशार आहे, असा शाळेचा दाखला नेला तर फौजदार ओळखेल की हे चांगल्या घरचं पोर आहे, असं त्यांना वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

चौकीत बसू कोठडीत त्या दोघांच्या मधे बसला होता. अंगात माझी फुल पँट. ती त्याला घोट्याच्या वर येत होती. मला बघून त्यानं "काय बे" म्हणायला तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. त्या दोघांतला एकजण त्याच्या खांद्यावर हात टाकून हळूहळू काहीतरी सांगत होता, आणि बसू ऐकत होता. मला त्या माणसाच्या बोलण्यापेक्षा बसूच्या ऐकण्याची भीती वाटली.

फौजदार नवीन होते, तरुण, कडक इस्त्रीचे. अप्पांनी घाम पुसत दोन्ही हातांनी दाखला पुढं केला. फौजदारांनी वाचला, आणि म्हणाले, बरं झालं आणलात. पोरगेलं दिसतं म्हणून मी रिमांड होमला कळवणार होतो. पण हा याच महिन्यात सोळा पूर्ण झालाय. तर चारच्या गाडीनं तिघंही कोर्टात, आणि तिथून जेलमध्ये.

अप्पा खाली बसले. खुर्ची होती म्हणून बरं.

बाई कुणीतरी कळवल्यावर आल्या. बगलेत सूप, हातात पिशवी. आधी कोठडीच्या गजांपाशी जाऊन त्यांनी बसूला विचारलं, "जेवलास का?" त्यानं मान हलवली. मग अप्पांकडं वळल्या. "दाखला दिलात?" अप्पा म्हणाले, "दिला." बाईंचा चेहरा पडलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला, आणि मला एकदम बाथरूमला लागली. मी भ्यायलो की मला तसंच होतं. पुढं माझ्या लग्नातही झालं.

त्यांनी मला सांगितलं, पळत घरी जा. आईला आण, बसूची हाफ चड्डी आण, खोबरेलाची बाटली आण. आणि बाकावर बसून शेंगा फोडायला लागल्या.

"बाई, आज नका फोडू," हवालदार कुजबुजला. "सायेब नवीन हाईत."

मी अव्वाला घेऊन परतलो तेव्हा टरफलं फौजदारांच्या बुटांपर्यंत पोचली होती. फौजदार मान वर न करता लिहीत होते. चारला अवकाश होता, पण फार नव्हता. बाहेर गाडीचं बॉनेट उघडून ड्रायव्हर पाणी घालत होता आणि मी तांबे मोजत होतो. अप्पांनी बाईंना विचारलं, तुमचं तरी जेवण झालंय का? काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं असावं.

"एकदा जेवायला बसले होते," बाई शेंगेवरची नजर न काढता म्हणाल्या. "आठ-दहा वर्षं झाली. चौकीतून निरोप आला, तेव्हा ताटावर होते. म्हटलं, एवढी भाकरी संपवते. गेले तोवर गाडी निघून गेली होती. तेरा वर्षांचं पोर, तीन आठवडे मोठ्यांच्यात राहिलं. परत काढलं मी. अजून रस्त्यात दिसतो कधी. मला बघून रस्ता ओलांडतो."

अप्पांनी पिशवीत हात घातला आणि एक शेंग फोडली.

मग बाई उठल्या. सूप बाकावर ठेवलं, पदर झटकला आणि टेबलाशी गेल्या. मुलगा साडेचौदा वर्षांचा आहे, डॉक्टरांकडून वय तपासून घ्या, तोवर माझ्याकडं द्या, असं त्यांनी सांगितलं. फौजदार म्हणाले, त्याच्या बापानंच सोळाचा दाखला आणलाय, मी दाखल्यापुढं जाऊ शकत नाही.

"नका जाऊ," बाई म्हणाल्या. "फक्त ह्याची जन्मतारीख विचारा." आणि छत्रीचं टोक माझ्याकडं केलं.

मी सांगितली. एक नोव्हेंबर, त्याच सालची. फौजदारांनी माझ्याकडं पाहिलं. मला तेव्हा बऱ्यापैकी मिशी होती. माझ्या शरीरानं वेळेवर केलेली ती एकच गोष्ट.

"तू ह्याचा कोण?"

"थोरला भाऊ, साहेब."

हवालदारानं भिंतीकडं तोंड केलं. फौजदार दाखल्याकडं बघत बोटांवर महिने मोजायला लागले. बाई शांतपणे म्हणाल्या, "दाखल्यापुढं जायचं नसेल तर ह्या मिशीवाल्याला मी आत्ता रिमांड होममध्ये नेते. कागदाप्रमाणे तो सोळाच्या आत आहे. कोठडीतल्याचा आवाज अजून फुटलेला नाही, त्याला तुम्ही जेलमध्ये न्या."

फौजदार म्हणाले, दोन्हीपैकी एक तारीख चुकीची असेल. पण ती हीच कशावरून?

तेव्हा अव्वा पुढं झाली. परक्या पुरुषाशी बोलताना मी तिला तोवर ऐकलं नव्हतं. दारावर भाजीवाला आला तरी ती आधी मला पुढं करायची.

"सायेब, जूनला एक आन नोव्हेंबरला एक. पाच म्हयन्यात दोन पोरं. तुमच्या आईला इचारून बघा, असं हुतंय का. ती व्हय म्हणली तर न्या माझ्या पोराला." आणि मग हळू आवाजात, "ह्यो पोटात असताना थोरला चालत हुता की. माझा पदर धरून."

फौजदारांनी अप्पांना विचारलं, मग ही तारीख आली कुठून? अप्पांनी हात डोक्यावरून घेऊन दुसरा कान धरून दाखवला. कोठडीतून बसूनंही न सांगता धरला. त्याचा हात जबड्याखाली पोचला. मी धरला तर मला आजही मान वाकवावी लागते, तशी वाकवली.

"आमच्या वळसंगलाबी असंच की," हवालदार म्हणाला, आणि त्यानंही हात डोक्यावर नेला. कोपऱ्यात लिहीत बसलेल्या शिपायानं लेखणी ठेवून आपला कान चाचपला. "माझीबी एक जूनच हाय," तो म्हणाला. "आमच्या आख्ख्या वर्गाची."

फौजदार सगळ्यांकडं बघत राहिले. मग त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली, दाराकडं एकदा पाहिलं, आणि हात सावकाश डोक्यावरून पलीकडं नेला. हात कानावर तसाच राहिला. कडक इस्त्रीच्या त्या माणसाचा चेहरा शाळेच्या पायरीवर उभ्या केलेल्या पोरासारखा झाला होता.

"माझीही," ते म्हणाले.

मग टोपी घातली, घसा साफ केला आणि हवालदाराला सांगितलं, की डॉक्टरांनी वय सांगेपर्यंत पोर बाईंच्या ताब्यात. आणि हा कचरा काढा.

बसूला बाहेर काढलं. आडोशाला नेऊन बाईंनी त्याच्या अंगातली माझी पँट उतरवून हाफ चड्डी घालायला लावली. ते दोघे हमाल दोरीला बांधलेले गाडीत चढले. त्यातल्या एकानं बसूकडं बघून हात केला, घरचं माणूस गावाला निघताना करतं तसा. बसूचा हातही वर यायला लागला. बाईंनी त्या हातात खोबरेलाची बाटली दिली. "धर," म्हणाल्या. "सांडू नको." आणि त्याच्या डोक्याला तेल चोपडायला लागल्या. गाडी निघून गेली तरी चोपडतच होत्या. तेवढं तेल मी कुणाच्या डोक्याला पाहिलेलं नाही.

रिमांड होमपर्यंत आम्ही चालत गेलो. पुढं बाई आणि बसू, त्याला दोरी नाही, काही नाही. मागं आम्ही तिघं. तिथल्या दारालाही कुलूप होतंच. ते लागलं तेव्हा अप्पा त्याच्याकडं बघत उभे राहिले. पण या खेपेला त्यांनी फरक विचारला नाही.

डॉक्टरांनी हाडांचा फोटो काढून वय पंधराच्या आत सांगितलं. मुलांच्या कोर्टानं बसूला अप्पांच्या स्वाधीन केलं, बाईंनी लक्ष ठेवायचं या बोलीवर. तोपर्यंत आम्ही दर भेटीला जायचो, अव्वा कडक भाकरी न्यायची, आणि अप्पा घरी आल्यावर जेवायचे नाहीत. त्या दिवसांत त्यांनी रंगाऱ्याकडं माल टाकणंही बंद केलं होतं.

बसू परत आला तो दुपारचा, बाईंच्या बरोबर. अव्वा ओवाळायला उठली तेवढ्यात अप्पांनी त्याचं मनगट धरून त्याला दारात नेलं. रंगून आलेली सुताची लडी ते नेहमी तशीच दारातल्या उजेडात नेऊन बघायचे, ओला अंगठा घासून रंग सुटतो का पाहायचे. तसं त्यांनी बसूचं तोंड वर केलं. बराच वेळ पाहिलं. बसूही बघत राहिला. मग त्याचा खालचा ओठ हलला आणि तो लहानपणी रडायचा तसा तोंड पसरून रडला. अप्पांनी मान डोलावली. माल घेतला.

मग ते बाईंना म्हणाले, "आज बसून जेवायचं."

बाई नको नको म्हणाल्या. अव्वानं पाट मांडला, ताट वाढलं आणि जिन्याच्या पायरीवर आडवी बसली, म्हणजे वर जायला वाट नाही. बाई बसल्या. मांडी घालायची सवय मोडलेली असावी. एक गुडघा वरच राहिला. त्यांनी भाकरी मोडली, आमटीत बुडवली, पहिला घास घेतला.

तेवढ्यात दारात हवालदार. "बाई, एक पोरगं आणलंय. मोठ्यांच्यातच ठिवलंय."

बाईंचा हात ताटावरच थांबला. त्या आता उठणार हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. अव्वानं त्यांच्याकडं पाहिलं, मग अप्पांकडं.

अप्पा उठले. कोपऱ्यातलं सूप घेतलं, खुंटीवरची शेंगांची पिशवी काढली, डोक्यावर टोपी ठेवली.

"तुमी जेवा सावकाश," ते म्हणाले. "तवर मी जाऊन बसतो."

आणि सूप बगलेत धरून ते हवालदाराच्या मागोमाग नवी पेठेतून, ओळखीच्या सगळ्या दुकानांसमोरून, चौकीकडं चालत गेले.